आजचे अजिंक्यवीर आणि कालचें मैदान

२०२३ सालच्या जुलै महिन्यांतील एका रविवारची गोष्ट. विंबल्डनचा अंतिम सामना चालू होता, आणि आमच्या घरचीं लहानथोर मिळून अकरा माणसें दिवाणखान्यांत पडद्यापुढें बसलीं होतीं. स्पेनचा वीस वर्षांचा कार्लोस अल्काराझ आणि सर्बियाचा छत्तीस वर्षांचा नोव्हाक जोकोविच यांची झुंज चार तास बेचाळीस मिनिटें चालली, आणि पांचव्या सेटमध्यें अल्काराझनें बाजी मारली. टाळ्यांचा कडकडाट ओसरतो न ओसरतो तोंच आमचे अप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, हातांतला अडकित्ता खालीं ठेवून म्हणाले, “पोरें खेळतात झकास, यांत वाद नाहीं. पण यांच्या हातांत लांकडी रॅकेट द्या, मध्यें बसावयास खुर्ची देऊं नका, आणि मग काय तें पाहूं. लेव्हरच्या काळांत यांतला एकही टिकला नसता.”

माझा पुतण्या श्रीधर हा स्वतः खेळणारा. तो गप्प कसा बसणार? तो म्हणाला, “अप्पाआजोबा, मला तर उलटें वाटतें. तुमच्या लेव्हरला आज पहिल्या फेरींतच घरचा रस्ता धरावा लागला असता.”

झालें! पानें मांडलीं गेलीं तरी वाद मिटेना. तो ताकभातापर्यंत चालला. मध्येंच माझी धाकटी मुलगी मृणाल हिनें विचारलें, “अप्पाआजोबा, त्या काळीं मला खेळावयास घेतलें असतें का?” तिच्या प्रश्नाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. माझेंही गेलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें तो प्रश्न आम्हांस फिरून भेटला. तो कसा, तें ओघानें येईलच.

वाद घालणारे दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत होते. घोटाळा होता तो मूळ प्रश्नांत. आजचा विजेता मागल्या काळांत नेऊन सोडावयाचा, म्हणजे नेमकें काय न्यावयाचें? त्याची रॅकेट, त्याचे बूट, त्याचा वैद्य आणि त्याचा शिक्षक यांसह त्यास नेलें, तर १८७७ सालीं पहिल्या विंबल्डनमध्यें उतरलेल्या बावीस गृहस्थांपैकीं एकाचाही त्याच्यापुढें निभाव लागला नसता. पण तो विजय माणसाचा नव्हे, कारखान्याचा. उलट त्याचें जन्मजात अंग आणि बुद्धि एवढीच घेऊन त्यास त्या काळांत जन्मास घातलें, तर तो आजचा खेळाडूच उरत नाहीं. त्या काळचें शिक्षण घेऊन तो त्या काळचा होतो. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हां नाटकांतील गवयास शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेंकावा लागे. आजचा गवई तेथें उभा केला तर तो पहिल्या रात्रीं फसेल; पण त्याच कंपनींत लहानाचा मोठा झाला असता तर कदाचित् तोही आवाज फेंकावयास शिकला असता. म्हणून या प्रश्नाचे तीन भाग पाडणें बरें: पहिला हातांतल्या हत्याराचा, दुसरा अंगाचा, आणि तिसरा दाराचा. तिसरा भाग बहुधा कोणी विचारांत घेत नाहीं. परंतु माझ्या मतें सर्वांत मोठा तोच आहे.

प्रथम हत्यार. जुन्या लांकडी रॅकेटचें वजन सुमारें ३७० ते ४०० ग्रॅम असे, आणि तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ जेमतेम ६५ ते ७० चौरस इंच. आजची रॅकेट तिच्याहून हलकी, आणि तिचें तोंड ९५ ते १०० चौरस इंचांचें. हा पालट अलीकडचा आहे. हॉवर्ड हेड या अमेरिकन यंत्रज्ञानें मोठ्या तोंडाची रॅकेट १९७६ सालीं बाजारांत आणली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लांकूड मोठ्या सामन्यांतून नाहींसें झालें. तांतीचीही तीच कथा. पूर्वीं आंतड्याची तांत असे. १९९७ सालीं ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेननें पॉलिएस्टरच्या नव्या तारा लावून पॅरिसचें अजिंक्यपद जिंकलें, आणि थोड्याच वर्षांत सारे त्याच तारांकडे वळले. या तारांनीं चेंडूस विलक्षण फिरकी देतां येते. अंगांतला सगळा जोर लावून मारलेला चेंडूही त्या फिरकीमुळें रेषेच्या आंत उतरतो. राफाएल नादालचा फटका पाहून आपण थक्क होतों, त्यांत दंडाचा वांटा मोठा, पण तारेचाही कांहीं आहेच.

या गोष्टीची परीक्षा घरच्या घरीं पाहण्याचा योग आम्हांस आला. आमच्या माळ्यावर एक लांकडी रॅकेट होती, चार कोंपऱ्यांस स्क्रू असलेल्या चौकटींत दाबून ठेवलेली. अशी चौकट नसली तर पावसाळ्यांत लांकूड वांकडें होई. श्रीधरनें ती उतरविली, दुकानांत नेऊन तिला नव्या तारा घालून घेतल्या, आणि मित्राबरोबर तासभर खेळून आला. परत आला तो मनगट चोळीत. म्हणाला, “काका, पहिले वीस चेंडू कोठल्या कोठें गेले. रॅकेटच्या ऐन मध्यावर लागला तर चेंडू जातो. अर्धा इंच चुकला कीं मेला. पण शेवटच्या दहा मिनिटांत जरा जमूं लागलें होतें.” हें शेवटचें वाक्य मला महत्त्वाचें वाटतें. हत्यार बदललें कीं कसब मरत नाहीं. तें नव्यानें वाट शोधतें.

आतां अंगाचें. लेव्हरच्या दिवसांत खेळाडूस काय सोसावें लागे, याविषयीं अप्पा म्हणत होते तें अगदीं बरोबर होतें. विंबल्डनमध्यें बाजू बदलतांना बसावयास खुर्ची मिळूं लागली ती १९७५ पासून. टायब्रेकची पद्धत अमेरिकेंत १९७० सालीं आणि विंबल्डनमध्यें १९७१ सालीं आली. त्यापूर्वीं दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच जाई. सर्व्हिस करणारास १९६० च्या आसपासपर्यंत चेंडू मारतांना दोन्ही पाय जमिनीवरून उचलण्याची परवानगी नव्हती. म्हणजे आजचा उंच खेळाडू हवेंत झेप घेऊन जी सर्व्हिस मारतो, ती त्या काळीं चूक ठरली असती. शिवाय चार मोठ्या स्पर्धांपैकीं तीन १९७४ पर्यंत हिरवळीवर होत. हिरवळीवर चेंडू खालून सरपटत येतो आणि वेडीवांकडी उसळी घेतो. मागें उभें राहून लांबलचक देवाणघेवाण करणारापेक्षां पुढें धांवून जाळीपाशीं चेंडू अधांतरीं टिपणारास ती अधिक मानवते. २००१ सालीं विंबल्डननें गवताची जातही बदलली, आणि आजची तेथील हिरवळ लेव्हरच्या हिरवळीसारखी राहिली नाहीं.

मग जुन्या काळचा वीर नव्यापुढें किंवा नवा जुन्यापुढें उभा राहिला तर काय होईल? याचे कांहीं प्रयोग काळानेंच करून ठेवले आहेत. १९१९ सालीं, महायुद्ध संपल्यावर भरलेल्या पहिल्याच विंबल्डनमध्यें, चाळीस वर्षांच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स आणि वीस वर्षांची फ्रेंच मुलगी सुझान लेंग्लेन समोरासमोर आल्या. चेंबर्सबाई सात वेळां अजिंक्य झालेल्या, पायघोळ झगा घालून खेळणाऱ्या. लेंग्लेनचा झगा पोटरीपर्यंतच, आणि खेळ नर्तकीसारखा. लेंग्लेन जिंकली, पण १०-८, ४-६, ९-७ अशी; आणि चेंबर्सबाई एकदां नव्हे, दोनदां विजयापासून एका गुणावर होत्या. १९६९ सालीं एकेचाळीस वर्षांच्या पांचो गोन्झालेझनें पंचविशींतल्या चार्ली पासारेलशीं विंबल्डनमध्यें दोन दिवसांत मिळून ११२ गेम खेळून, पांच तास बारा मिनिटांनीं सामना जिंकला. त्यांतला पहिलाच सेट तो २२-२४ असा हरला होता. केन रोझवॉलनें आपलें पहिलें मोठें अजिंक्यपद १९५३ सालीं मिळविलें, आणि १९७४ सालीं एकोणचाळिसाव्या वर्षीं तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत उभा होता. खरा वीर इतक्या लवकर जुना होत नाहीं, हें यावरून दिसतें.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वीडनचा ब्योर्न बोर्ग लांकडी रॅकेटनें १९७६ ते १९८० अशीं लागोपाठ पांच वर्षें विंबल्डन जिंकला, आणि पॅरिसला सहा वेळां. तो १९९१ सालीं माँटे कार्लो येथें पुन्हां मैदानांत उतरला तो तीच लांकडी रॅकेट घेऊन. जोर्डी आरेसे या स्पॅनिश खेळाडूनें त्यास ६-२, ६-३ असें सहज हरविलें. बोर्गचें वय तेव्हां फक्त चौतीस होतें, पण मधलीं कित्येक वर्षें तो खेळलाच नव्हता. काळ बदलला कीं कसबास शिकावयास वेळ लागतो, आणि तो वेळ ज्यास दिला नाहीं तो हरतो. आजच्या वीरास एका रात्रींत मागें नेऊन सोडलें तर त्याचेंही असेंच होईल. वर्षभर दिलें तर गोष्ट निराळी.

तेव्हां माझा निकाल असा. रॉजर फेडरर कोणत्याही काळांत शोभला असता. एका हाताचा बॅकहँड, खालून कापलेला फटका, आणि जाळीपाशीं जाण्याची हौस हीं सारीं जुन्या पेठेंत चालणारीं नाणीं आहेत. २००१ सालीं त्यानें विंबल्डनमध्यें सॅम्प्रसला हरविलें तें जुन्याच पद्धतीनें. जोकोविचची खरी दौलत म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस परतविण्याची नजर. उडी मारण्यास बंदी असलेल्या काळांत ही दौलत कमी झाली नसती, वाढलीच असती. नादालबद्दल शंका घेतली जाते. पण लांकडाच्या रॅकेटनें भरपूर फिरकी देऊन बोर्ग पॅरिस आणि विंबल्डन दोन्हींकडे एकाच वर्षीं, तेंही तीन वर्षें लागोपाठ, जिंकला, हें विसरतां कामा नये. पॅरिसच्या लाल मातीवर चौदा वेळां जिंकणारा माणूस त्या मातीवर केव्हांही जिंकला असता.

मात्र यांपैकीं कोणाच्याही नांवावर आज दिसतात तेवढे आंकडे लागले नसते. जोकोविचचीं २०२३ अखेर चोवीस, नादालचीं बावीस, फेडररचीं वीस मोठीं अजिंक्यपदें आपण तोंडपाठ म्हणतों. पण १९६८ पूर्वीं धंदेवाईक खेळाडूस या स्पर्धांत पाऊल टाकतां येत नसे. रॉड लेव्हरनें १९६२ सालीं चारही स्पर्धा एका वर्षांत जिंकल्या, पोटासाठीं तो धंदेवाईक झाला, आणि पांच वर्षें त्यास दार बंद झालें. दार उघडल्यावर १९६९ सालीं त्यानें पुन्हां चारही जिंकल्या. मधल्या पांच वर्षांत त्यानें काय मिळविलें असतें, याचा हिशेब कोण करणार? रोझवॉलचीं तर १९५७ पासून अकरा वर्षें अशीं गेलीं. कीर्ति हवी तर पैसा सोडा, पैसा हवा तर कीर्ति सोडा, असा तो काळ होता. आजच्या वीरांस तेथें नेलें असतें तर त्यांसही यांतलें एक निवडावें लागलें असतें.

येथें आपण तिसऱ्या भागाशीं, म्हणजे दाराशीं, येऊन पोंचतों. धंदेवाईकांस बंदी याचा अर्थ असा कीं, ज्याच्या घरीं खाण्यापिण्याची ददात नाहीं त्यानेंच खेळावें. खेळाचें मैदान खासगी क्लबाचें. क्लबांत शिरावयाचें तर घराणें पाहिजे, ओळख पाहिजे. फ्रेड पेरी हा १९३४ ते १९३६ अशीं तीन वर्षें विंबल्डनचा अजिंक्यवीर. त्याचे वडील गिरणींत काम करून पुढें मजूर पक्षाचे प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत गेलेले. क्लबांतील प्रतिष्ठितांनीं त्यास मनापासून आपला कधीं मानला नाहीं. त्याच्यानंतर ब्रिटिश पुरुषानें विंबल्डन जिंकलें तें एकदम २०१३ सालीं, अँडी मरेनें.

अमेरिकेंत हें दार याहूनही घट्ट होतें. अल्थिया गिब्सन ही न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत वाढलेली कृष्णवर्णीय मुलगी. रस्त्यावर लांकडी फळीनें टेनिस खेळून तिचा हात तयार झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तिला प्रवेश मिळेना. १९५० सालीं ॲलिस मार्बल या माजी अजिंक्यवीर बाईंनीं एका टेनिसच्या मासिकांत खरमरीत पत्र लिहून आपल्याच खेळांतल्या लोकांची कानउघाडणी केली, आणि त्याच वर्षीं गिब्सनला प्रवेश मिळाला. १९५७ व १९५८ या दोन्ही वर्षीं तिनें विंबल्डन जिंकलें, आणि अमेरिकेचें अजिंक्यपदही. एवढें झाल्यावर तिनें हौशी खेळ सोडला, कारण चषकांनीं पोट भरत नव्हतें.

आतां सेरेना विल्यम्सचा विचार करा. कॅलिफोर्नियांतील कॉम्प्टन गांवच्या सार्वजनिक मैदानांवर तिच्या वडिलांनीं तिला व तिच्या बहिणीस शिकविलें. तेवीस मोठीं अजिंक्यपदें तिनें मिळविलीं. १९३० सालीं ती असती तर? तिची सर्व्हिस लांकडी रॅकेटनें चालली असती कीं नाहीं, हा प्रश्न निघालाच नसता. तिला फाटकांतून आंत सोडलें नसतें. आजचा सर्वांत बलाढ्य वीर मागल्या काळांत हरला असता तो खेळतांना नव्हे, खेळावयास न मिळाल्यानें. आणि हेंच उलटें करून पाहिलें म्हणजे मनास चटका बसतो. मागल्या काळांत अशा कितीजणी होऊन गेल्या असतील, ज्यांचीं नांवें कोणत्याच फळ्यावर चढलीं नाहींत!

आपल्याकडचें एक नांव या ठिकाणीं अभिमानानें घेतां येतें. १९३४ सालीं मुंबईच्या लीला राव यांनीं विंबल्डनमध्यें पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या मातोश्री म्हणजे ‘सत्याग्रहगीता’ हें संस्कृत काव्य लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव, प्रसिद्ध विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. त्या स्वतःही टेनिस खेळत. घरांत काव्य आणि रॅकेट दोन्ही एकत्र नांदलीं, म्हणून मुलगी विंबल्डनपर्यंत गेली. परंतु असें घर शंभरांत एखादेंच.

मी हें सारें एका संध्याकाळीं घरांत वाचून दाखविलें. लीला राव यांचा उल्लेख आला तेव्हां अप्पा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “श्रीधर, तूं माळ्यावरची जी रॅकेट खेळून आलास, ती माझी नव्हे. ती आक्काची.”

आक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. त्या आतां हयात नाहींत. आम्हीं त्यांस पाहिलें तें सोवळ्यांत, देवघरांत, किंवा नातवंडांच्या गराड्यांत. त्या कॉलेजांत असतां दोन वर्षें टेनिस खेळत, आणि अप्पा लहान असतां त्यांचे चेंडू वेंचून आणीत, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें. “आक्काचा हात माझ्यापेक्षां फार चांगला होता,” अप्पा म्हणाले. “तिचें लग्न ठरलें, तेव्हां आईनें रॅकेट चौकटींत घालून वर ठेवली. आक्का कांहीं बोलली नाहीं. मग मी खेळूं लागलों तेव्हां मला नवी घेऊन दिली. तिची खालीं काढावी, असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. माझ्याही नाहीं.”

मग त्यांनीं मृणालला जवळ बोलावलें. “तूं त्या दिवशीं विचारलेंस ना, त्या काळीं मला घेतलें असतें का म्हणून? नसतें घेतलें, बाळ. दाराशीं आम्हीच बसलों होतों.”

वाचकहो, हा वाद तुमच्याही घरीं होत असेल. क्रिकेटचा असेल, गाण्याचा असेल, परीक्षांचा असेल. पूर्वीचे मोठे कीं आतांचे मोठे, हें ठरविण्याची हौस थोरांस असते तशी पोरांसही असते, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र तो वाद घालतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जुन्या विजेत्यांचा फळा हा त्या काळच्या सर्व गुणांचा फळा नव्हे. दारांतून आंत येऊं दिलेल्यांपैकीं जे श्रेष्ठ, त्यांचा तो फळा आहे. त्यांचें कर्तृत्व यानें कमी होत नाहीं. लेव्हर लेव्हरच राहतो. परंतु आपल्या माळ्यावर चौकटींत दाबून ठेवलेलें एखादें हत्यार अजून आहे का, आणि तें कोणाचें, हें एकदां वर चढून पाहण्यासारखें आहे.

श्रीधर हल्लीं दर रविवारीं सकाळीं मृणालला मैदानावर घेऊन जातो. आक्कांची रॅकेट तिला जड होते, म्हणून तिला दुसरी लहान घेतली आहे. पण घरून निघण्यापूर्वीं ती आक्कांची रॅकेट एकदां हातांत धरून पाहते, आणि अप्पा अडकित्ता बाजूस ठेवून तिच्याकडे पाहत बसतात.